वाहनचालकाचे सिंहावलोकन
(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त हैदराबाद येथे मराठी भाषिक वाहनचालक, शिक्षक व नागरिक यांच्यापुढे केलेले भाषण)



सिंह काही अंतर चालून गेल्यावर थांबतो आणि मागे वळून पाहतो. त्यावरून आपल्या भाषेत 'सिंहावलोकन' हा शब्द रूढ झाला. वनराजाला थांबण्याची सवड असते. मोटार चालविणाऱ्यास ती नसते. त्याची दृष्टी पुढील रस्त्यावर असावी लागते आणि त्याच वेळी मागून काय येत आहे याचेही भान त्याला ठेवावे लागते. या दोन्ही गरजांचा मेळ घालणारे साधन म्हणजे गाडीचा आरसा. आज त्याविषयी चार उपयुक्त गोष्टी आपणापुढे मांडावयाच्या आहेत.

या विषयाचे महत्त्व हैदराबादकरांना विशेषत्वाने पटावे. पुणे व सोलापूरकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ याच शहरातून पुढे विजयवाड्याकडे जातो. नांदेड-देगलूरकडील वाहनेही येथेच येतात. शहराभोवतीच्या १५८ किलोमीटर लांबीच्या बाह्य वळण मार्गावर वाहने भरधाव जातात, तर सुलतान बाजार व चारमिनारच्या परिसरात दुचाकी आणि रिक्षा मोटारीच्या दोन्ही अंगांनी वाट काढीत असतात. भरधाव मार्गावर मागील वाहन क्षणार्धात जवळ येते; गर्दीत ते कोणत्या बाजूने येईल याचा नेम नसतो. तरीही आरसे मिटून ठेवलेल्या मोटारी आपण रोज पाहतो. गर्दीत धक्का लागून आरसा फुटेल, ही त्यामागील भीती असते. आरसा फुटला तर नवा बसविता येतो, मात्र न दिसलेल्या दुचाकीस्वाराला झालेली इजा तशी भरून काढता येत नाही.

आरशाचा इतिहासही उद्बोधक आहे. प्रारंभीच्या शर्यतींत चालकाशेजारी एक यंत्रकुशल साहाय्यक बसे व मागून कोण येत आहे ते सांगे. आपल्या मालमोटारींवरील क्लीनर 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणून जे काम करतो, तेच हे काम. सन १९११ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून हा चालक साहाय्यकाविना उतरला. इतरांनी हरकत घेतली, तेव्हा त्याने गाडीवर आरसा बसविला आणि शर्यत जिंकली. पुढे त्यानेच सांगितले की, खडबडीत मार्गावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हते! ढिल्या आरशाची निरुपयोगिता त्या पहिल्या प्रयोगातच सिद्ध झाली होती.

आपल्या देशात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वाहनास मागील दृश्य दाखविणारा आरसा असणे आवश्यक आहे. त्याची रचना व बसवणूक कशी असावी याची मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केली आहेत. पूर्वी अनेक मोटारींना बाहेरून केवळ उजव्या बाजूचाच आरसा असे. डावा आरसा नसलेली जुनी गाडी ज्यांच्याकडे असेल, त्यांनी तो अवश्य बसवून घ्यावा.

आता आरशाच्या गुणधर्माकडे वळू. गाडीच्या आतील आरसा सपाट असतो व तो अंतर यथार्थ दाखवितो. बाहेरील आरसे बहुधा बहिर्गोल असतात. त्यांत अधिक विस्तृत प्रदेश मावतो. पंधरा सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा पाऊण मीटरवरून पाहिल्यास सुमारे ११ अंशांचा प्रदेश दाखवील, तर १२०० मिलिमीटर वक्रता त्रिज्येचा बहिर्गोल आरसा सुमारे २५ अंशांचा. परंतु या लाभाचे मोल द्यावे लागते. अशा आरशात प्रतिमा लहान होते आणि १२ मीटर मागे असलेले वाहन उजव्या आरशात जणू २८-२९ मीटर दूर असल्याचा भास होतो. डावा आरसा चालकापासून अधिक लांब असल्याने त्यात हा भास आणखी वाढतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते, हे ध्यानी घेतल्यास या भासातील धोका स्पष्ट होईल. म्हणून वाहन आहे की नाही हे बाहेरील आरशात पाहावे आणि ते किती जवळ आहे याचा निर्णय शक्यतो आतील आरशावरून करावा.

आरसे लावण्याचीही पद्धत आहे. बहुतेक चालक बाहेरील आरसे असे लावतात की त्यांत स्वतःच्याच गाडीचा बराच भाग दिसतो. त्यामुळे आतील आरशात दिसणारेच दृश्य पुन्हा दिसते आणि बाजूचा पट्टा अदृश्य राहतो. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने १९९५ साली यावर सोपा उपाय मांडला. आपल्याकडील उजव्या सुकाणूच्या गाडीत तो असा करावा: प्रथम आतील आरशात मागील संपूर्ण काच दिसू द्यावी. मग डोके उजव्या खिडकीजवळ नेऊन उजवा आरसा बाहेर वळवावा व स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल तेथे थांबवावा. नंतर दोन्ही आसनांच्या मध्यापर्यंत झुकून डावा आरसा तसाच लावावा. असे केल्यास ओलांडून जाणारे वाहन आतील आरशातून निघताच बाहेरील आरशात येते आणि तेथून निघताच डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसू लागते. अरुंद गल्लीत गाडीची बाजू पाहावयाची असेल, तर डोके किंचित कलवावे. रात्री मागील दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर आतील आरशाखालची कळ वळवावी.

इतके करूनही काही भाग अदृश्य राहतोच. म्हणून मार्गिका बदलण्यापूर्वी मान वळवून पाहावे. गाडीचे उजवे दार डाव्या हाताने उघडण्याची सवय लावावी. त्यामुळे शरीर आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून तिच्याभोवती एक फेरी मारावी. अंगणात खेळणारे लहान मूल गाडीच्या अगदी मागे बसले असेल, तर तिन्ही आरशांपैकी एकातही ते दिसत नाही. सन २०१९ च्या जुलैपासून नव्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक झाली आहे. पण जुन्या गाड्या असंख्य आहेत, आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागचे जवळजवळ काहीच दिसत नाही. तेथे मागे उभा असलेला माणूसच चालकाचा डोळा होय.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेच्या मैदानावर एक वाहन उभे करावे, यंत्र बंद ठेवावे व किल्ली आपल्याजवळ ठेवावी. एका विद्यार्थ्याला चालकाच्या जागी बसवून इतरांना वाहनाभोवती फिरू द्यावे. जेथे ते त्याला दिसेनासे होतील तेथे चुन्याने खूण करावी. त्या खुणा जोडल्यावर उमटणारी आकृती मुले विसरणार नाहीत. प्रकाशशास्त्राचा पाठही त्यातच होईल.

प्रवासास निघण्यापूर्वी हवा, पाणी, तेल आपण पाहतो. त्याबरोबर तिन्ही आरसे पुसून, घट्ट करून, नीट लावून घेण्यास एक मिनिट पुरते. ते एक मिनिट प्रत्येकाने काढावे, एवढेच आग्रहाने सांगून मी आपली रजा घेतो.