माळवदाचं घर, हाही वारसा



बीडचा वारसा म्हटलं,
की खजाना विहीर आठवते,
कंकालेश्वराचं मंदिर आठवतं.
पण कष्टकऱ्याचं माळवदाचं घर, हाही वारसा आहे.

दिवाळीच्या सुमारास इथली कष्टकरी जोडपी ऊसतोडीला जातात.
तिकडे पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहतात.
गावातलं माळवदाचं घर म्हातारी माणसं राखतात.

कसं असतं हे घर?
जाड भिंती. लाकडी तुळया.
त्यांवर काटक्या, पाला,
आणि वर मातीचा जाड थर, हेच माळवद.
म्हणून उन्हाळ्यातही आत गारवा!

ऊसतोडीहून परतलेले हात
पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पसरतात.
नाहीतर घर गळतं.
ही जाण पुस्तकात नाही, त्या हातांत आहे.
म्हणूनच म्हणते, कष्टकऱ्याचं घर हाही वारसा आहे.

श्रोतेहो, जुनं घर पाडण्याआधी
ते कसं बांधलं, हे घरातल्या थोरांना विचारा.
लिहून ठेवा.