फळ्यावर नावं लिहिणारा मॉनिटर

छत्रपती संभाजीनगरजवळ जालना रस्त्यावरच्या शेंद्र्याला दोन ओळखी आहेत. जुनी मांगीरबाबांच्या चैत्रातल्या यात्रेची, नवी पंचतारांकित औद्योगिक वसाहतीची. २००१ मध्ये इथे स्कोडाचा कारखाना आला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीच्या ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. मशीनवर काम करणारी मुलं आयटीआयमधून मिळतात, डिप्लोमा झालेलीही मिळतात. पण सेकंड शिफ्टला लाइन अडली, की दहा जणांतल्या ज्या एकाचं बाकीचे नऊ ऐकतात, त्याच्या या गुणाचं प्रमाणपत्र कुठल्याच संस्थेत मिळत नाही. तो गुण कारखान्यात दिसतो खरा, पण शाळेतही तो असतोच. तिथे तो कुणाच्या नजरेस का पडत नाही, हा या व्याख्यानाचा विषय.

शाळा नेता कसा निवडते? पहिला नंबर काढणारा, भाषण पाठ करून हातवारे करत म्हणणारा, नाहीतर अंगापिंडाने थोराड असलेला मुलगा मॉनिटर होतो. बाई वर्गाबाहेर गेल्या, की हा खडू घेऊन फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. मित्राचं नाव पुसतो आणि नावडत्याच्या नावापुढे फुल्या वाढवतो. मुलाला लहानपणीच शिकवलेली ही पोलीसपाटीलकी आहे. तिला नेतृत्व म्हणणं अवघड आहे.

प्रमुखाच्या वागण्याचा गटावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३८-३९ च्या सुमारास दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे क्लब बनवले. मुलं मुखवटे तयार करणं वगैरे कामं करत. काही गटांना हुकूम सोडणारा प्रमुख दिला, काहींना मुलांशी बोलून काम ठरवणारा. प्रमुख खोलीत असेपर्यंत हुकमी गटाचंही काम जोरात चाले. तो बाहेर गेला, की तिथे काम ढेपाळायचं. चर्चेने चालणाऱ्या गटात ते जवळपास पूर्वीसारखंच चालू राही. बाई बाहेर गेल्यावर वर्गात काय होतं, यावरून त्या कशा शिकवतात हेही कळतं, एवढं तरी शाळांनी यातून घ्यायला हरकत नाही.

त्याच सुमारास इथे, आपल्याच शहरात, काय चाललं होतं? नोव्हेंबर १९३८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. बंदी आली आणि मुलांनी ती मानली नाही. लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोचलं, संप झाले, मुलांना काढून टाकलं गेलं. त्यांना दारं उघडली ती नागपूर विद्यापीठाने. हैदराबाद संस्थानातल्या कॉलेजातून असा बाहेर पडून नागपूरला गेलेला एक विद्यार्थी म्हणजे पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव. या मुलांकडे ना बिल्ला होता ना पद. शाळा सुटून एक-दोन वर्षं झालेली पोरं ही. घरच्यांची समजूत घालायची, परक्या प्रांतात जायचं, प्रवेश मिळवायचा, राहायची सोय पाहायची, असं सगळं त्यांच्या अंगावर पडलं आणि त्यांनी ते निभावलं.

मुलांचं हे धाडस एका रात्रीत उगवलेलं नव्हतं. धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली होती. तिथे मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर १९३२ मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. १९३८ च्या ऑक्टोबरात, वंदे मातरम् चळवळीच्या महिनाभर आधी, हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यात स्वामीजी तुरुंगात गेले. मुख्याध्यापकच असा असेल, तर नेतृत्वाचा वेगळा तास वेळापत्रकात कशाला हवा? आजकाल शाळांत शनिवारी शेवटच्या तासाला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ घेतात. त्याचा उपयोग बहुधा शिक्षकांना वह्या तपासायला होतो.

पलीकडे साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये शाहू बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. नाना जातींची मुलं एका पंगतीला, एका चुलीवर. स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम, सगळं मुलांचंच. पीठ संपलं तर उद्या भाकरी नाही, हे मुलांना ठाऊक होतं. जबाबदारी खरी आहे की लुटुपुटूची, हे ओळखायची याहून चांगली खूण सांगता येत नाही. बहुतेक शाळांच्या विद्यार्थी मंत्रिमंडळात ‘आरोग्यमंत्री’ असतो, पण पाण्याच्या टाकीची किल्ली शिपायाकडेच राहते.

मुलं निवडून घडवण्याचा मोठा प्रयोग पुण्यात झाला. मानसशास्त्राचे अभ्यासक अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ मध्ये प्रशाला निघाली. बुद्धिमान मुलं कसोट्या घेऊन निवडायची आणि त्यांची बुद्धी समाजाच्या कामाला लावायची, हा त्यामागचा विचार. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रबोधिनीने हिप्परग्याच्याच लोहारा तालुक्यात हराळीला काम उभं केलं. प्रयोग मोलाचा आहे, यात शंका नाही. कसोटीच्या चाळणीबद्दल मात्र सावध राहावं. १९२१ मध्ये लुइस टर्मनने कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यंकाची दीड हजारांवर मुलं निवडली. चाचणी देऊनही निवड न झालेल्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ हे दोघे होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बुद्धी मोजतानाच एवढं निसटतं, तर नेतृत्व एका परीक्षेत कसं पकडणार?

ते कामात पाहावं लागतं. आई-वडील दोघंही ड्यूटीवर असताना धाकट्या भावंडांचे डबे भरून, पाणी भरून, वेळेवर शाळेत पोचणारी सातवीतली मुलगी वर्गात मागच्या बाकावर गप्प असते. घरातलं सगळं नियोजन तिच्या डोक्यात असतं, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, ‘अबोल आहे’. तिला सहलीच्या जेवणाचा हिशोब देऊन पाहावा. खो-खोच्या मैदानावर भांडण झालं, की पोरं न्याय मागायला कुणाकडे जातात, तेही बघावं. तो कर्णधार असेलच असं नाही.

शिक्षकांना सोपं साधन हवं असेल, तर जेकब मोरेनोने १९३० च्या दशकात रूढ केलेली पद्धत आहे. त्यासाठी खर्च नाही, प्रशिक्षणही नाही. जूनमध्ये शाळा उघडून महिना झाला, मुलं एकमेकांना ओळखू लागली, की प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी: गॅदरिंगचं काम कुणाबरोबर करायला आवडेल, अडचण आली तर कुणाला विचारशील? चिठ्ठ्या शिक्षकांनी एकट्याने वाचाव्यात, नावांमध्ये बाण काढावेत, आणि तो कागद वर्गात दाखवू नये. दोन्ही प्रश्नांना एकच नाव येईल असं नाही. एक नाव लाडकं असतं, दुसरं भरवशाचं. दुसऱ्या नावाला काम द्यावं. ते बिघडलं तर शिक्षकाने लगेच हातात घेऊ नये. काय चुकलं ते मुलांनाच बसून बोलू द्यावं. चार महिन्यांनी चिठ्ठ्या पुन्हा घ्याव्यात. आणि ज्याचं नाव एकाही चिठ्ठीवर नाही, त्या मुलाला असं भरवशाचं नाव असलेल्याच्या गटात घ्यावं.