संत्र्याची साल आणि चीनचा चहा



पांढुर्णा आणि सौसर या पट्ट्यात संत्र्याविषयी बोलायचं म्हणजे भावाविषयी बोलायचं. आंबिया बहराचा माल दिवाळीच्या आगेमागे निघू लागतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात, आणि दोन्ही वेळा पहिला प्रश्न एकच असतो: भाव काय फुटला? बाग उभीच्या उभी व्यापाऱ्याला द्यायची की तोडून मंडीत न्यायची, मोठा माल किती आणि चुरी किती, बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यावर तिकडे जाणारा संत्रा आता कुठे वळवायचा, यावरच पारावरच्या गप्पा होतात. हे सगळे प्रश्न खरे आहेत, घरादाराशी जोडलेले आहेत. पण या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते. संत्र्याचं मोल त्याच्या गरात आहे, आणि फळ झाडावरून उतरल्यावर चार दिवसांत ते हाती आलं नाही तर बुडालं, ही ती गोष्ट. मला ती मान्य नाही. माझं म्हणणं असं की आपण या फळाचा टिकणारा भाग दरवर्षी उकिरड्यावर टाकतो आणि नासणाऱ्या भागासाठी धावाधाव करतो. हे पटवून देण्यासाठी मला चीनच्या चहाकडे जावं लागेल, कारण संत्र्याच्या सालीची किंमत जगात सगळ्यात नीट कोणाला कळली असेल तर ती तिथल्या चहावाल्यांना.

चीनच्या चहाबद्दल आपल्याकडे एक समज आहे, की तिथली पानंच काही वेगळी असतील. खरं म्हणजे हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलोंग, आपण पितो तो काळा आणि वर्षानुवर्षं मुरवलेला गडद, हे सहाही प्रकार एकाच जातीच्या झुडपापासून होतात. लागवडीचे वाण निरनिराळे असतात हे खरं, पण प्रकार ठरतो तो पान खुडल्यानंतर त्याचं काय केलं जातं यावर. हांगचौच्या लोंगजिंग चहाचं उदाहरण घ्या. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा छिंगमिंगचा सण येतो. त्याआधी खुडलेले कोंब सर्वांत किमती. खुडलेलं पान आधी पसरून थोडं सुकू देतात, मग तापलेल्या लोखंडी कढईत टाकून उघड्या हाताने कढईच्या अंगाशी दाबतात, उचलतात, झटकतात, पुन्हा दाबतात. उष्णतेमुळे पान लाल पडायचं थांबतं, आणि दाबल्यामुळे ते चपटं, गुळगुळीत होतं. हात कुठे हलका ठेवायचा आणि कुठे जड, हे पानातल्या ओलाव्यावर ठरतं, आणि तो ओलावा कारागिराला तळव्याने कळतो. चार-साडेचार किलो ओल्या पानांतून किलोभर चहा निघतो. २०२२च्या नोव्हेंबरात युनेस्कोने चीनच्या चहाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा त्यात झुडपांचं नव्हे, तर चहा बनवण्याच्या या पारंपरिक पद्धतींचं आणि त्यांच्याभोवतीच्या रीतिरिवाजांचं नाव घातलं.

आता संत्र्याकडे येऊ. चीनमध्ये संत्र्याचा अभ्यास फार जुना आहे. ११७८ साली हान येन-चिह नावाच्या अधिकाऱ्याने लिंबूवर्गीय फळांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात सत्तावीस प्रकारांचं वर्णन केलं. दक्षिणेकडच्या ग्वांगदोंग प्रांतात शिनह्वेई नावाचा भाग आहे. तिथला संत्रा आपल्या नागपुरी संत्र्यासारखाच सैल सालीचा, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात त्याच जातीचा, वाण मात्र वेगळा. फरक इतकाच की तिथे शेकडो वर्षं लोक झाडाकडे सालीसाठी पाहतात. एके काळी तिथे गर फेकून दिला जाई आणि साल घरी जपून ठेवली जाई. या सालीला चेनपी म्हणतात. फळाला चिरा देऊन साल अशी उघडतात की तीन पाकळ्या एका टोकाशी एकमेकींना धरून राहतात. ताजी साल लगेच उलटवली तर तुटते, म्हणून ती थोडी मऊ पडू देतात, मग आतली पांढरी बाजू वर करून उन्हात वाळवतात. वाळलेली साल पोत्यात भरून कोरड्या, हवेशीर जागी ठेवायची आणि दरवर्षी कोरड्या दिवसांत काढून पुन्हा ऊन द्यायचं. असं किमान तीन वर्षं झाल्याशिवाय तिला चेनपीचं नाव लावता येत नाही. वर्षं जातात तशी साल गडद होते, आतला पांढरा पापुद्रा गळतो, नाकात जाणारा ताज्या सालीचा झणका ओसरतो आणि लाकडासारखा, औषधी वास वर येतो. तोडणी कधी केली यावरूनही प्रत ठरते: हिरव्या फळाची साल वेगळी, रंग धरू लागलेल्याची वेगळी, पूर्ण पिकलेल्याची वेगळी. आपल्याकडे जुन्या तांदळाला नव्यापेक्षा जास्त भाव मिळतो हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. शिनह्वेईने तोच हिशेब सालीला लावला. २००६ मध्ये तिला भौगोलिक ओळखीचं संरक्षण मिळालं, आणि २०२१ मध्ये ती तयार करण्याचं कसब चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेलं.

याच सालीची चहाशी गाठ पडली. युन्नान प्रांतातला पुअर चहा मोठ्या पानाच्या झुडपाचा, आसामच्या चहाचा सख्खा भाऊ. त्याची पानं ओली करून मीटरभर उंच ढिगात घालतात, वर झाकण घालतात, आतली उष्णता पन्नास-साठ अंशांपर्यंत चढते. ढीग वरखाली करत दीड-दोन महिने मुरवला की चहा गडद आणि मवाळ होतो. शिनह्वेईत जुलै-ऑगस्टमध्ये, फळ हिरवं आणि लिंबाएवढंच असताना तोडतात, वरची चकती कापून गर कोरून काढतात, आतून धुऊन निथळतात, त्यात हा पुअर भरतात, चकती परत बसवतात आणि अख्खं फळ उन्हात किंवा मंद उष्णतेवर वाळवतात. सालीतल्या तेलाचा वास चहात उतरतो. पिणारा अख्खं फळच किटलीत टाकून उकळतं पाणी घालतो. काही ठिकाणी पुअरऐवजी काळा चहाही भरतात. एका लहान हिरव्या फळाचा असा दुहेरी माल होतो, आणि तो विकायची घाई नसते, कारण साठवून ठेवल्याने तो बिघडत नाही.

आपल्या बागाईतदारांनी इथे महिने मोजून पाहावेत असं मला मनापासून वाटतं. शिनह्वेईचा संत्रा मार्च-एप्रिलच्या सुमारास फुलतो आणि चौथ्या महिन्यात, भर पावसाळी हवेत, हिरवा तोडला जातो. वाळवणं हीच तिथली मोठी कसरत. आपल्या मृग बहराचं फूल पहिल्या पावसानंतर, जून-जुलैत येतं. त्याला चार महिने झाले की ऑक्टोबर-नोव्हेंबर येतो. म्हणजे फळ नेमकं त्या वयाचं होतं तेव्हा पांढुर्णा-सौसरचं आभाळ निरभ्र असतं, हवा कोरडी असते आणि ऊन खणखणीत असतं. झाडाला पेलणार नाही इतकं फळ धरलं असेल तर त्या सुमारास विरळणी केल्याने उरलेल्या फळांचा आकार वाढतो आणि पुढे चुरी कमी निघते. आज ही विरळणी फार कोणी करत नाही, कारण काढलेलं हिरवं फळ घेणारा कोणी नाही. ते घेणारा मिळाला तर उरलेल्या मालाचाही भाव सुधारेल. आणि पिकलेल्या फळाची साल तर रस काढणाऱ्यांकडे ढिगाने पडते. तिला वेगळी तोडणीही लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो चवीचा. आपला माणूस दूध-साखर-आलं घालून खळखळ उकळलेला चहा पितो, संत्र्याची साल घातलेलं कोरं पाणी कोण पिणार? पण हा आपला दाणेदार चहाही परंपरागत नाही. आसामात चहाच्या बागा उभ्या राहिल्या त्या १८३०च्या दशकानंतर. पान चुरून दाणे करणारं सीटीसी यंत्र आलं १९३०च्या दशकात. आणि देशी माणसाला चहाची सवय लागावी म्हणून चहा व्यवसायाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगाव फुकट कप वाटले, प्रात्यक्षिकं केली. तीन-चार पिढ्यांत बनलेली चव पुढच्या पिढीत थोडी रुंद होऊ शकते. शिवाय पहिलं गिऱ्हाईक पांढुर्ण्यातच मिळायला हवं असा आग्रह कशाला? कोरा चहा पिणारा वर्ग नागपूर, पुणे, मुंबईत वाढतो आहे.

दुसरा आक्षेप वारशाचा आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चीनकडे शतकांची परंपरा आहे, आपण ती उसनी कशी आणणार, असं विचारलं जातं. पण चीनची परंपरा एका जागी थिजलेली कधीच नव्हती. १३९१ मध्ये मिंग सम्राटाने दाबलेल्या चहाच्या वड्या नजराण्यात घेणं बंद केलं आणि सुट्या पानांचा चहा मागितला. त्यातून पुढची सारी कढईत भाजण्याची कला बहरली. पुअर ढिगात मुरवण्याची पद्धत १९७०च्या दशकात कुन्मिंगच्या कारखान्यात बसवली गेली. संत्र्यात भरलेल्या चहाची लाट तर गेल्या दशकातली. आपला संत्रा तरी काय, अठराव्या शतकात भोसल्यांच्या काळात नागपुरात आला, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून त्याची कलमं झाली, आणि आज तो आपल्याला पिढीजात वाटतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बागेला पाण्याचा ताण कधी द्यायचा, तो कधी तोडायचा, पानावरून झाडाची भूक कशी ओळखायची, हे इथल्या माणसाचं ज्ञान त्या कढईवरच्या हातापेक्षा तसूभरही कमी नाही. ते तोडणीपाशी येऊन थांबतं, एवढीच खंत आहे.

तिसरा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो: फवारणीचा. औषधाचा अंश गरापेक्षा सालीत जास्त राहतो, आणि साल उकळून प्यायची म्हटलं की तो थेट कपात येतो. म्हणून बागेतली कोणतीही साल चालणार नाही. कोळशीने काळी पडलेली, रस शोषणाऱ्या पतंगाने भोसकलेली, गळून मातीत पडलेली फळं यात घेता कामा नयेत. त्यासाठी झाडांच्या काही रांगा वेगळ्या राखाव्या लागतील, त्यांच्यावरची फवारणी वेगळी आखावी लागेल आणि विकण्याआधी प्रत्येक खेपेची तपासणी करून घ्यावी लागेल. यात खर्च वाढतो. ज्याला तो झेपणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

सुवास सारखा नसेल, हेही कोणी म्हणेल. नसणारच. चीनच्या औषधकोशातही इतर संत्र्यांची साल चालते, पण ग्वांगदोंगच्या सालीचं नाव वेगळं लिहिलं जातं आणि बाजारात तिला भाव जास्त मिळतो. आपण आपली साल चेनपी म्हणून विकायची नाही. ती पांढुर्णा-सौसरची साल म्हणूनच उभी राहिली पाहिजे, तिचा वास काय आहे हे इथल्या लोकांनी स्वतः तीन-पाच वर्षं हुंगून ठरवलं पाहिजे. आणि सट्ट्यापासून तिला दूर ठेवलं पाहिजे. पुअरच्या बाबतीत जुना माल म्हणजे सोनं अशी हवा झाली, भाव भलतेच चढले आणि २००७ मध्ये धाडकन कोसळले. त्यात बागवाले होरपळले.

म्हणून सुरुवात लहान हवी. वाळवायला स्वच्छ अंगण, साल सोलायला आणि कोरायला सवयीचे हात, कोरडी खोली, आणि प्रत्येक पोत्यावर बागेचं नाव, बहर आणि तोडणीची तारीख. हे हात बहुतेक बायांचे असतील, तेव्हा मजुरी किलोवर द्यायची की कसबावर, हा प्रश्न पहिल्याच वर्षी पुढे येईल. तो कसबावर सोडवावा असं माझं मत आहे. सगळ्यांत अवघड आहे ती तीन वर्षांची वाट. एकट्या शेतकऱ्याला तितका काळ पैसा अडकवून बसता येत नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे इथल्या संस्थांना, शेतकरी कंपन्यांना आपल्या मालाचं गोदाम आणि त्यावरचं तारण कर्ज आपल्याच जिल्ह्यात मागता येईल. पोती कोणाच्या नावावर राहतील, व्याज कोण भरेल आणि साल मुरल्यावर वाढलेल्या भावातला वाटा कोणाला किती, हे कागदावर ठरायला हवं. मृग बहर धरायचा तर बागेला मे महिन्यात ताण बसतो. हा कागद त्याच्या आधी तयार झाला, तर येत्या कार्तिकाच्या उन्हात पहिली साल वाळत घालता येईल.