मायापुरीतील कोबाल्ट

पश्चिम दिल्लीतील मायापुरीचा भंगारबाजार दिल्लीकरांना नवा नाही. मोटारीचा जुना सुटा भाग शोधत तेथे फिरलेले पालक या सभागृहातही असतील. २०१० च्या एप्रिलमध्ये तेथील एका दुकानातील माणसांची त्वचा काळवंडू लागली, केस गळू लागले, उलट्या थांबेनात. शोध घेता कारण सापडले ते कोबाल्ट-६०. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, कॅनडाहून आणलेले आणि १९८५ पासून वापरात नसलेले गॅमा किरणांचे एक यंत्र फेब्रुवारीत लिलावात विकले गेले होते. भंगारात शिशाला भाव असतो. यंत्र फोडले गेले आणि शिशाचे कवच दूर झाले. किरणांना अडवणारी भिंत तीच होती.

विद्यार्थ्यांनो, कोणत्याही कोबाल्टच्या अणुकेंद्रात २७ प्रोटॉन असतात. तीच त्याची ओळख. खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टमध्ये त्यांच्या जोडीला ३२ न्यूट्रॉन असतात आणि ते केंद्र स्थिर असते. अणुभट्टीत त्यात आणखी एक न्यूट्रॉन शिरला की कोबाल्ट-६० तयार होते. एवढ्याशा भरीने केंद्राचा तोल ढळतो. कालांतराने एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, कोबाल्टचे निकेल होते आणि उरलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. या किरणांना ना रंग, ना वास.

यंत्र बंद म्हणजे धोका बंद, हा समज स्वाभाविक आहे. पण अणुकेंद्राला बटण नसते. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षे. म्हणजे १९८५ साली जेवढे होते, त्याचा साधारण सत्ताविसावा हिस्सा २०१० साली उरला होता. तेवढ्यानेही एका कामगाराचा जीव गेला आणि इतर अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले. एकाच्या तर पैशांच्या पाकिटातच तुकडा सापडला!

गॅमा किरणांनी भाजलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही, हेही ध्यानात असावे. अंगाला वा कपड्यांना किरणोत्सारी धूळ चिकटली असेल तरच ती इतरांपर्यंत पोहोचते. त्या रुग्णांना टाळण्याचे कारण नव्हते.

तीन पाती असलेले किरणोत्साराचे जुने चिन्ह पाहून भंगारवाल्याला काय कळावे? म्हणून २००७ साली एक नवे चिन्ह आले: लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि दूर पळणारा माणूस. ते यंत्राच्या आत, उघडू पाहणाऱ्यालाच दिसेल असे लावायचे असते. मायापुरीत फुटलेले यंत्र त्याच्या कितीतरी आधीचे होते.