उंसाचें रान

विफ्रेदो लाम या चित्रकाराचा जन्म १९०२ सालीं क्यूबांतील साग्वा ला ग्रांदे या गांवीं झाला. पिता चिनी, मातेच्या कुळांत काँगोंतून गुलाम म्हणून आणलेल्यांचें रक्त. धर्ममाता मांतोनिका विल्सन हिच्याकडे आफ्रिकी देवतांची उपासना त्यानें बालपणींच पाहिली.

पुढें स्पेन व पॅरिस येथें त्याची कला घडली. पिकासोसारखे युरोपीय कलावंत आफ्रिकी मुखवट्यांच्या आकारांवर लुब्ध झाले होते. लामला मात्र त्यांत स्वतःचे पूर्वज दिसले. १९४१ सालीं तो मायदेशीं परतला आणि १९४३ मध्यें त्यानें ‘जंगल’ हें भव्य चित्र पूर्ण केलें. हुबेहूब चित्रणाचा मार्ग त्यांत नाहीं. उंसाच्या दाट कांड्यांतून मुखवट्यांच्या चेहऱ्यांच्या, अर्ध्या मानवी आकृती पुढें येतात. एकीच्या हातीं कातर आहे.

श्रोतेहो, ऊंस जंगलांत आपोआप वाढत नाहीं. तो लावावा लागतो. क्यूबांत तें काम पिढ्यान्‌पिढ्या गुलामांकडून करून घेतलें गेलें. १८८६ सालीं ती प्रथा कायद्यानें संपली. चित्राच्या नांवांतील विसंगतीचें मर्म हेंच. १९४५ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें तें विकत घेतलें. पाहणारा तेथें रानटी अरण्य शोधूं लागतो आणि समोर माणसानेंच लावलेलें शेत उभें राहतें.