अरण्य, समुद्र आणि पंचांग

प्रवासाची वर्णने आपण पुष्कळ ऐकतो. प्रवासाच्या बेताविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. टेबलावर पसरलेला नकाशा, पाठकोऱ्या कागदावरची बेरीज-वजाबाकी आणि घरातील माणसांचे मतभेद, हे सारे प्रवास संपताच विस्मृतीत जाते. आज मी त्याविषयीच बोलणार आहे. दक्षिण आफ्रिकेतील वन्य पशू पाहावेत आणि तेथील समुद्रकाठी चार दिवस विसावा घ्यावा, असे आम्ही उभयतांनी ठरविले, तेव्हा सगळे आठवडाभरात जुळून येईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात आठ महिने लागले.

या हौसेचे मूळ एका जुन्या पारपत्रात आहे. माझे थोरले चुलते ऐन उमेदीची काही वर्षे मोंबासा येथे एका पेढीवर हिशेबनीस होते. सिंह त्यांनी पाहिले होते. पण दक्षिणेकडची अरण्ये आणि तिकडचा समुद्र पाहावयाचे राहून गेले, ही हुरहुर त्यांना अखेरपर्यंत होती. ते राहिले याचे कारण पारपत्रावरच छापलेले होते: हे पत्र दक्षिण आफ्रिकेसाठी ग्राह्य नाही. तेथील वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ भारताने १९४६ साली त्या देशाशी व्यापार तोडला होता, आणि राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते १९९३ सालच्या नोव्हेंबरात. चुलते त्यापूर्वीच निवर्तले. त्यांचे पारपत्र आमच्या कपाटातील पत्र्याच्या पेटीत आहे. आम्ही बेत आखावयास बसलो तेव्हा पत्नीने ते काढून नकाशाच्या एका कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवले.

माझा पहिला बेत ऐकून आपणांस हसू येईल. बारा दिवसांत क्रूगरचे अरण्य, बोत्स्वानातील ओकावांगोचे पाणथळ, व्हिक्टोरिया धबधबा, केप टाऊन आणि शेवटी मोझांबिकचा किनारा! नकाशावर ही सर्व ठिकाणे एका तळहाताखाली मावत होती. पत्नीने कागद वाचला आणि विचारले, “अहो, ही सहल आहे की टपालाचे वाटप?” तिचे म्हणणे रास्त होते. एकट्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. त्यात गोव्याएवढे पाच प्रदेश सहज मावतील. त्याची उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या मुंबई-कोल्हापूर वाटेच्या जवळपास, आणि आत डांबरी रस्त्यावर मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटरांच्या वर नेण्यास मनाई. सूर्यास्ताच्या सुमारास तळाचे फाटक बंद होते आणि उशिरा येणाऱ्यास दंड होतो. अशा ठिकाणी ‘जाता जाता पाहून येऊ’ ही भाषा उपयोगाची नाही.

तेव्हा एकच देश आणि त्याचीही एकच बाजू, असे ठरले. कोणती बाजू, हा प्रश्न मात्र हौसेने सुटणारा नव्हता. तो पंचांगाने सोडविला. विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे होतात हे आपण शाळेत शिकतो, आणि तिकीट काढताना विसरतो. जून ते ऑगस्ट हा तेथील हिवाळा. क्रूगरकडे पाऊस उन्हाळ्यात, साधारणपणे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पडतो. हिवाळा कोरडा असतो. गवत वाळून बसते, झाडे निष्पर्ण होतात, लहान डबकी आटतात, आणि जनावरांना उरलेल्या पाणवठ्यांवर येण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पशू पाहण्याचा हाच हंगाम. पावसाळ्यात अरण्य हिरवेगार व देखणे असते, हरणांची पाडसे बागडत असतात, पक्षीही पुष्कळ. पण दहा हातांवर बसलेला सिंह गवतात दिसत नाही.

इथवर सोपे होते. घोटाळा समुद्राने केला. त्याच देशाच्या नैऋत्य टोकाला, केप टाऊनकडे, पाऊस नेमका हिवाळ्यात पडतो. शिवाय तेथील पश्चिम किनाऱ्यालगत दक्षिणेकडून येणारा बेंग्वेला नावाचा शीत प्रवाह वाहतो; त्यामुळे भर उन्हाळ्यातसुद्धा पाण्यात पाय घालताच माणूस दचकतो. पूर्व किनाऱ्याची गोष्ट निराळी. तेथे अगुल्हास हा उष्ण प्रवाह उत्तरेकडून खाली येतो, आणि दर्बानच्या समुद्राचे पाणी हिवाळ्यातही वीस अंशांच्या आसपास असते. म्हणजे जुलैत अरण्य पाहावयाचे असेल, तर समुद्र पूर्वेचाच घ्यावयास हवा. एवढे कळल्यावर नकाशाचा डावा अर्धा भाग मी घडी घालून आत दुमडला.

आता मतभेदाची गोष्ट सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासवांची पिले समुद्राकडे जाताना माझ्या पत्नीने पाहिली होती. आपल्याकडे येणारे ऑलिव्ह रिडले कासव चाळीस-पन्नास किलो वजनाचे. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, इसिमंगलिसो पाणथळ उद्यानाच्या वाळूत, लेदरबॅक जातीची कासवे अंडी घालावयास येतात. त्यांचे वजन काही शे किलो भरते. ते रात्री वाळूवर चढताना पाहावे, ही तिची एकच इच्छा होती. परंतु ही कासवे येतात नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसात, गवत कमरेएवढे असताना. तिची कासवे आणि माझे सिंह एका महिन्यात बसेनात. मी हरप्रकारे प्रयत्न करून पाहिला. दोन्ही थोडे थोडे साधेल असा मधला महिना शोधू लागलो, आणि लक्षात आले की मधल्या महिन्यात दोन्ही हुकण्याचाच संभव अधिक. अखेरीस तिनेच माघार घेतली आणि जुलै ठरला. घरातील वाद असे मिटतात तेव्हा जिंकणाऱ्याला फार बरे वाटते असे नाही.

हिवतापाचा विचारही जुलैच्याच बाजूचा निघाला. क्रूगरचा प्रदेश हिवतापाच्या टापूत मोडतो. कोरड्या हिवाळ्यात धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात, संध्याकाळी अंगभर कपडे घालावेत. लहान मुले बरोबर असतील तर पिलानेसबर्ग किंवा अॅडो यांसारखी हिवतापाच्या टापूबाहेरची अरण्ये निवडणे शहाणपणाचे. विमान पूर्व आफ्रिकेत बदलावयाचे असेल तर पीतज्वराच्या लशीची चौकशी आधी करावी, कारण तो दाखला लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. आणखी एक खाचखळगा नकाशातच होता. क्रूगरहून दक्षिणेस समुद्राकडे जाताना सरळ वाटेवर एस्वातिनी हा चिमुकला देश आडवा येतो. २०१८ पर्यंत त्याचे नाव स्वाझीलँड होते. त्यातून गेलो की आपण दक्षिण आफ्रिकेबाहेर पडलो, आणि एकाच प्रवेशाचा परवाना असला तर परत आत येणे नाही! आम्ही वळसा घेतला आणि वाटेत एक रात्र काढली.

इतका विचार करूनही मी एक चूक केलीच. आफ्रिका म्हणजे ऊन, हा लहानपणचा संस्कार इतका पक्का की मी फक्त सुती कपडे भरले. पहाटे, फाटक उघडण्यापूर्वी, उद्यानाच्या उघड्या गाडीतून नेतात. तेव्हा पारा दहा अंशांच्या खाली असतो आणि वारा तोंडावर येतो. पहिला सिंह मी पत्नीच्या शालीत गुरफटून पाहिला. तो रस्त्याच्या मधोमध बसला होता आणि डांबराची ऊब घेत होता. आम्हा दोघांपैकी अधिक शहाणा कोण, याविषयी गाडीतील कोणालाही शंका उरली नसावी.

चार रात्री आम्ही क्रूगरमध्ये होतो. पुढे स्वतःच मोटार चालविली. तेथेही आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवितात, ही मोठी सोय. ठरावीक जागा सोडल्यास मोटारीतून खाली उतरावयाचे नाही. पहिल्या दिवशी मी भटकलो, दुसऱ्या दिवशीही भटकलो. तिसऱ्या दिवशी पत्नीच्या सांगण्यावरून एका पाणवठ्याजवळ दोन तास मोटार उभी केली. झेब्रे आले, इंपाला हरणे आली, मग हत्तींचा एक कळप आला आणि बाकीचे सर्व बाजूला झाले. आधीच्या दोन दिवसांत मिळून जे दिसले नव्हते, ते तेथे दिसले. चित्ता मात्र दिसला नाही. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. पुढे २०२२ साली नामिबियातून आठ आणि २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आपल्या कुनोच्या अरण्यात आणले गेले. आमच्या वाट्याचे चित्ते तिकडेच गेले असावेत, अशी मी मनाची समजूत घातली.

ही अरण्ये माणसांवाचूनची होती असे मात्र समजू नये. क्रूगर उद्यान १९२६ साली स्थापन झाले. त्याच्या उत्तर टोकाकडील पाफुरी भागातून १९६९ साली मकुलेके लोकांना हुसकावून लावण्यात आले. १९९८ साली त्यांना जमीन परत मिळाली, आणि त्यांनी ती नांगराखाली न आणता अरण्य म्हणूनच राखली. तेथवर आम्ही गेलो नाही. अंतर पुरले नाही. बेतातील ती उणीव मला अजून खटकते.

क्रूगरनंतर आम्ही ह्लुह्लुवे-इम्फोलोझी येथे उतरलो. १८९५ साली संरक्षिलेले हे अरण्य क्रूगरच्या मानाने लहान आहे. पण पांढऱ्या गेंड्याची दक्षिणेकडील जात जगात उरली ती येथे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभरही गेंडे शिल्लक नव्हते. १९६० नंतरच्या दशकात इयन प्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेंड्यांना गुंगीचे औषध देऊन दूरदूरच्या उद्यानांत पोहोचविले. माकुबू न्तोम्बेला या झुलू सहकाऱ्याकडून आपण अरण्य शिकलो, असे प्लेअर आवर्जून सांगत. संध्याकाळी एक गेंडीण आणि तिचे पिलू आमच्या मोटारीपुढून रस्ता ओलांडून गेली. त्यांना घाई नव्हती, आम्हांलाही नव्हती.

या अरण्यापासून समुद्र तासाभराच्या वाटेवर आहे. बेत करणाऱ्यांना मी हाच भाग सुचवीन, तो याचसाठी. सेंट लुसिया हे खाडीकाठचे गाव. खाडीत पाणघोडे आणि सुसरी, आणि रात्री पाणघोडे गावाच्या रस्त्यांवर चरावयास येतात. जेवण उरकून फेरफटका मारण्याची आपली सवय तेथे आवरावी लागते. कासवांची वाळू आम्ही पाहिली. ती रिकामी होती. पत्नी काही बोलली नाही. दुसऱ्या सकाळी दूर पाण्यात काळी पाठ वर आली, कारंजे उडाले, आणि पुन्हा पाठ दिसली. दक्षिण ध्रुवाकडून मोझांबिकच्या उबदार पाण्याकडे निघालेले हंपबॅक देवमासे जून ते नोव्हेंबर या किनाऱ्यावरून जातात. तिने अकरा मोजले. मला सातच दिसले.

शेवटचे दोन दिवस दर्बान. वाटेवर दुतर्फा ऊस लागतो. या उसासाठीच १८६० साली मद्रासहून आणि कलकत्त्याहून मजूर आणले गेले. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले या देशात आले, तेव्हा तेथील कोकणी मुसलमानांसाठी ते मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. आज दर्बानमध्ये पावाच्या पोखरलेल्या लादीत उसळ भरून देतात. तिला ‘बनी चाऊ’ म्हणतात आणि ती चांगली तिखट असते.

तेथील समुद्रकाठी एका बाकावर आम्ही बसलो. १९५३ च्या कायद्याने हे किनारे वर्णावर्णांत वाटले गेले होते. कोणता पट्टा केवळ गोऱ्यांसाठी, हे सांगणाऱ्या पाट्या १९८९ पर्यंत तेथे उभ्या होत्या. कायदा रद्द झाला १९९० साली. चुलत्यांना पारपत्र मिळाले असते तरी या वाळूवर त्यांना बसू दिले नसते. आमच्यासमोर सगळ्या वर्णांची मुले लाटांत लोळत होती आणि त्यांच्या आया त्यांना पाण्याबाहेर बोलावून थकल्या होत्या. पत्नीने पिशवीतून चुलत्यांचे पारपत्र काढले. ते तिने बरोबर आणले आहे, हे मला ठाऊक नव्हते. थोडा वेळ ते तिने मांडीवर ठेवले, आणि वारा सुटल्यावर पुन्हा आत ठेवून दिले.

आता पत्र्याच्या पेटीत तीन पारपत्रे आहेत. या वर्षीच्या दिनदर्शिकेत डिसेंबरच्या पानावर तिने पेन्सिलीने एक कासव काढले आहे. तेव्हा गवत उंच असेल, पाऊस असेल, हिवताप असेल, सिंह दिसणार नाही, हे सर्व मी तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, “सिंह तुम्ही पाहिलात की.” मी नकाशा पुन्हा उलगडला आहे.