हुकूम आधी कळला पाहिजे
(कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही चौथीपर्यंत शिकलेली, साच्यावर उभी राहणारी माणसे. भाषेची पंडिती हा आमचा धंदा नव्हे. पण ज्या शब्दाने माणसाची खोली जाते, पगार अडकतो, हातात बेडी पडते, त्या शब्दाचा अर्थ विचारायचा हक्क आम्हाला आहे की नाही? म्हणून आज हुकमाच्या शब्दांबद्दल बोलायचे आहे, आणि तेही साहेबाच्या भाषेतल्या!

आपल्याला वाटते, कोर्टातली इंग्रजी इंग्रज माणसाला तरी जन्मापासून कळत असेल. मुळीच नाही! तिकडे राजा नॉर्मंडीहून आला १०६६ साली. पुढे कोर्टात वकील फ्रेंच बोलू लागले आणि दप्तर लॅटिनमध्ये राहिले. साक्षीला बोलावणारा कागद म्हणजे 'सपीना'. त्याचा मूळ अर्थ 'शिक्षेखाली'. ये, नाहीतर शिक्षा भोग! 'मँडॅमस' म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. 'हेबियस कॉर्पस' म्हणजे कोंडलेल्या माणसाला देहानिशी कोर्टापुढे हजर कर. हा शेवटचा हुकूम तर गरिबाच्या कामाचा. पण नाव असे, की गरिबाच्या जिभेवर चढूच नये!

तिथल्या लोकांनी ते मुकाट्याने सोसले काय? नाही. १३६२ साली कायदा झाला, की कोर्टात बोलणे इंग्रजीत व्हावे, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. तरी दप्तर लॅटिनच राहिले. दप्तरही इंग्रजीत यावे असा कायदा १७३१ साली झाला आणि १७३३ पासून तो लागू झाला. बोली कोर्टाच्या दारातून आत गेली, पण दप्तराच्या कपाटापर्यंत पोहोचायला तिला ३७१ वर्षे लागली!

आणि लोकांची जीभ काय करते बघा. सरकारचा हुकूम ती हळूच घरात आणून बसवते. 'कर्फ्यू' हा शब्द फ्रेंच, अर्थ 'विस्तव झाका'. संध्याकाळी घंटा वाजली की चूल झाकायची. आज इंग्रजी घरातली आई पोराला रात्री परतायची वेळ घालून देते, तिलाही कर्फ्यूच म्हणतात. पोलिसाच्या हातातले 'वॉरंट' आणि पंख्याच्या खोक्यातली 'वॉरंटी' ही एकाच मुळाची भावंडे. पंखेवाला हमी देतो, वॉरंट पोलिसाला अधिकार देते.

पण एक शब्द आम्हा गिरणीवाल्यांनी विसरू नये. कुणाला खडसावले तर इंग्रज म्हणतो, त्याने 'रायट ॲक्ट वाचून दाखवला'. आज ते हसण्यावारी जाते. पण तो खरा कायदा होता, १७१४ चा. बारा किंवा जास्त माणसे बेकायदा जमली की अधिकाऱ्याने ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा. त्यानंतर तासाभरात पांगले नाहीत, तर शिक्षा मरणाची! १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात हजारो माणसे मताचा हक्क मागायला जमली होती. त्यांत विणकर आणि सूतगिरणीवाले होते, बायापोरे होती. घोडेस्वार त्यांच्या अंगावर घातले. पंधरा ते अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. मॅजिस्ट्रेट म्हणाले, आम्ही कायदा वाचला होता. लोक म्हणाले, आमच्या कानावर आलाच नाही! बंधूंनो, सगळे दुखणे इथेच आहे. जो हुकूम ऐकू आला नाही, किंवा ऐकू येऊनही कळला नाही, तो मोडला म्हणून माणसाला मारायचे, हा कुठला न्याय?

आता गंमत ऐका. इंग्लंडने १९९९ साली दिवाणी कोर्टातले जुने शब्द काढले. 'सपीना' गेला, 'साक्षीदाराचे समन्स' आले. २००४ साली 'मँडॅमस'ही गेला. 'सर्शिओरारी' जाऊन सरळ 'रद्द करण्याचा हुकूम' आला. आपल्या संविधानाच्या ३२ आणि २२६ कलमांत मात्र ती लॅटिन नावे अजून उभी आहेत. मूळ मालकाने टाकलेला कोट आपण इस्त्री करून घालतो आहोत!

मराठीत नावे नाहीत असे नाही. 'सर्शिओरारी'ला 'प्राकर्षण' केले. पण प्राकर्षण म्हणजे काय, ह्या सभेत कितीजण सांगतील? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे थोरच काम. तरी 'हुकूम' शब्द आपल्या तोंडी राहिलाच. कारण तो कळतो. आमचे मागणे शुद्ध शब्दाचे नाही, कळणाऱ्या शब्दाचे आहे.

जिल्हा आणि खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली १९९८ साली. कागदावर ठरली, ती हातात पडणाऱ्या प्रत्येक कागदावर दिसली पाहिजे. दर हुकमावर तीन गोष्टी साध्या मराठीत लिहा: काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि न केल्यास काय होईल.

तोवर आपणही शिकू या. समन्स म्हणजे बोलावणे, ते अटक नव्हे. अटकेचे वॉरंट म्हणजे पकडण्याचा अधिकार. स्टे म्हणजे तात्पुरती थांबवणूक. हुकूमनामा म्हणजे दाव्याचा निकाल. कागद आला तर घाबरून परत धाडू नका. कागद नाकारल्याने हुकूम टळत नाही. न वाचता अंगठाही उठवू नका. त्याच दिवशी युनियनमध्ये आणा, चार डोकी मिळून वाचू.

शेवटी एकच सांगतो. 'मँडॅमस'च्याच मुळातून इंग्रजीत 'मँडेट' शब्द निघाला. वरून खाली येणारी ती आज्ञा. आज निवडून आलेला पुढारी तोच शब्द वापरतो आणि म्हणतो, मला लोकांचा मँडेट आहे. मराठीत त्याला जनादेश म्हणतात. म्हणजे हुकूम देणारे आता आपण आहोत! मग ज्यांनी हुकूम द्यायचा, त्यांनाच हुकूम कळू नये, हे चालायचे नाही. हुकूम आमच्यावर चालवायचा असेल, तर तो आधी आम्हाला कळेल अशा मराठीत द्या!